संगणकाचीं धुळाक्षरें

पूर्वींच्या गांवठी शाळेंत पंतोजी मुलाच्या हातीं बोरू देण्याआधीं धूळपाटी देत. लांकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावयाचें, तें वांकडें आलें तर मोडावयाचें आणि पुन्हां काढावयाचें, असा तो क्रम असे. ह्या अक्षरांस धुळाक्षरें म्हणत. त्यांत कागद फुकट जात नसे, शाई सांडत नसे, आणि मुख्य गोष्ट ही कीं चुकण्याची भीति मुळींच नसे. आज जो कोणी संगणकापुढें प्रथमच बसतो, मग तो पांचवींतील विद्यार्थी असो कीं पन्नाशी उलटलेला त्याचा पालक असो, त्यानें ह्या धूळपाटीची आठवण ठेवावी असें आम्हांस वाटतें. संगणकाचा पडदा ही देखील एक पाटीच आहे. तीवर काढलेलें अक्षर पुसतां येतें, चुकलेलें पाऊल मागें घेतां येतें, आणि शिकणाराच्या चुकीनें यंत्र सहसा बिघडत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. संगणकाचीं प्राथमिक कामें प्रत्येक विद्यार्थ्यास, आणि प्रत्येक घरांतील निदान एका वडीलधाऱ्या माणसास, स्वतःच्या हातांनीं करितां आलीं पाहिजेत. तीं नेहमीं दुसऱ्याकडून करून घेण्याची संवय ही नव्या काळांतील निरक्षरताच होय. ह्या मतास पुष्कळांचा विरोध असतो हें आम्ही जाणतों. म्हणूनच तें येथें सविस्तर मांडीत आहों.

आपल्या कोंकणांत घरटीं एक तरी माणूस चाकरीसाठीं मुंबईस, ही जुनी रीत आहे. त्या माणसाचें पत्र किंवा मनीऑर्डर गांवीं आली म्हणजे घरच्या माउलीस तें पत्र वाचावयास कोणाचें तरी तोंड पाहावें लागे. मनीऑर्डरीच्या कुपनावरील दोन ओळी वाचणारा कधीं टपालवाला, कधीं शाळामास्तर, कधीं शेजारचा शिकलेला मुलगा असे. हीं माणसें बहुधा भलीं असत. तथापि घरांतील दुखणें, कर्ज, भावाभावांतील तंटा, मुलीच्या लग्नाची काळजी हें सारें प्रथम परक्या कानांवर पडे व मग घरच्या कानांवर. उत्तर लिहावयाचें तर मनांतील अर्धें मनांतच ठेवावें लागे. ज्या दिवशीं त्या घरांतील एखादी मुलगी शाळेंत जाऊन लिहावयास शिकली, त्या दिवशीं त्या घराची गुप्तता व त्याबरोबर त्या घराचा मान परत आला. शिक्षणाचा हा लाभ कोणत्याही पदवीहून लहान नव्हे.

आतां आजची स्थिति पाहा. शेतजमिनीचा सातबारा उतारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावर मिळूं लागला. २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाल्यापासून उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा इत्यादि दाखल्यांसाठीं ‘आपले सरकार’ ह्या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय झाली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर, गणपतीच्या सणास मुंबईहून खेड स्थानकापर्यंत यावयाचें रेल्वेचें तिकीट संगणकावर. २०२५ सालापासून तर इयत्ता अकरावीचा प्रवेशदेखील साऱ्या राज्यांत ऑनलाइन अर्जानें होऊं लागला. म्हणजे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलापुढें पहिली जी पायरी येते, ती कॉलेजाच्या फाटकाची नसून संगणकाच्या पडद्याची असते.

ज्यांस ही पायरी चढतां येत नाहीं ते काय करितात? ते बाजारपेठेंतील अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत किंवा सेवा केंद्रांत जाऊन रांगेंत उभे राहतात. तेथील मंडळी उपयुक्त काम करितात. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. जुना पत्रलेखकही उपयुक्तच होता. परंतु विचार करा. तेथें आपण आपला आधार क्रमांक सांगतों, बँकेचा खातेक्रमांक सांगतों, फोनवर आलेला ओ. टी. पी. मोठ्यानें वाचून दाखवितों, आणि पासवर्ड तर त्यांनाच ठरवावयास सांगतों. हा पासवर्ड आपणांस ठाऊकही नसतो, मग तो बदलणार कोण? घराची किल्ली दुसऱ्यास करावयास सांगून ती त्याच्याचकडे ठेवून येण्यासारखा हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, टंकणारा घाईंत असतो. आडनांवांतील एक अक्षर चुकतें, जन्मतारखेंतील एक आंकडा फिरतो. आपणांस पडदा वाचण्याची संवय नसल्यामुळें आपण मान डोलावितों, आणि अर्ज सादर होतो. मग ती एक चूक निस्तरण्यासाठीं कचेरीच्या किती फेऱ्या घालाव्या लागतात, हें ज्यांनीं घातल्या आहेत त्यांस विचारावें. अर्ज दुसऱ्यानें भरला तरी तो सादर करण्यापूर्वीं आपण स्वतः वाचावा, एवढें तरी ज्ञान प्रत्येकास हवें.

परीक्षांचीही तीच गोष्ट. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र इत्यादि शाखांच्या प्रवेशासाठीं होणारी राज्याची सी. ई. टी. २०१९ पासून संगणकावर घेतली जाऊं लागली. तलाठ्यांच्या २०२३ सालच्या भरतीची परीक्षा संगणकावरच झाली. अशा परीक्षेंत प्रश्न पडद्यावर येतो, उत्तरावर माउसनें खूण करावयाची असते, सोडलेल्या प्रश्नाकडे परत जावयाचें असतें, आणि घड्याळ कोपऱ्यांत उलटें चालत असतें. ज्या मुलाचा हात माउसवर बसलेला नाहीं त्याचीं पहिलीं कांहीं मिनिटें विषयाशीं झगडण्यांत न जातां यंत्राशीं झगडण्यांत जातात. ह्याच तालुक्यांतील मुरूडचे महर्षि धोंडो केशव कर्वे तरुणपणीं परीक्षेस बसण्यासाठीं भर पावसांत डोंगर आणि घाट ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतां म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या काळीं विद्यार्थी व परीक्षा ह्यांमधील अडथळा डोंगराचा होता. आज एस. टी.ची गाडी आपणांस परीक्षेच्या दारापर्यंत पोंचविते; परंतु दाराच्या आंत, खुर्चीवर बसल्यावर, हाताच्या अनभ्यासाचा डोंगर उभा असूं शकतो. तो ओलांडण्याची तयारी आधींच करून ठेवणें आपल्या हातीं आहे.

ह्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, “आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे; मेजावरच्या संगणकाची गरजच काय?” हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. वीजबिल भरणें, हवामान पाहणें, तिकीट काढणें हीं कामें मोबाईलवर उत्तम होतात. परंतु मोबाईलची रचना मुख्यत्वें पाहण्यासाठीं व निवडण्यासाठीं आहे, आणि संगणकाची रचना लिहिण्यासाठीं व मांडण्यासाठीं आहे. दोन पानांचा अर्ज, आंब्याच्या पेट्यांचा जमाखर्च, प्रयोगाच्या नोंदींचें कोष्टक, एका बाजूस मूळ कागद व दुसऱ्या बाजूस आपलें लेखन ठेवून केलेली तुलना, हीं कामें अंगठ्यानें करूं गेल्यास मनुष्य थकून सोडून देतो. जो मुलगा दिवसभर मोबाईल हाताळतो त्यास संगणक आपोआप येईल, ही समजूत तर निखालस चुकीची आहे. त्यास कळफलकापुढें बसवा आणि रजेचा अर्ज शुद्ध मराठींत टंकून, त्यास नांव देऊन, योग्य जागीं ठेवून उद्यां पुन्हां उघडून दाखविण्यास सांगा. पुष्कळांची तेथें गाडी अडते.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: “आमचें वय झालें, हें मुलांचें काम.” ह्या आक्षेपामागें आळस नसतो, संकोच असतो. म्हणून त्याचें उत्तर सहानुभूतीनेंच दिलें पाहिजे. २६ जानेवारी १९९९ रोजीं सुगत मित्रा ह्या संशोधकांनीं दिल्लींतील कालकाजी येथें एका भिंतीला भोंक पाडून तींत संगणक बसविला, व वस्तींतील मुलांस तो मोकळा करून दिला. पुढें असेच संगणक आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांतही बसविण्यांत आले. कोणी शिकविणारा नसतां मुलांनीं एकमेकांचें पाहून माउस चालविणें, चित्रें काढणें, खिडक्या उघडणें व मिटणें हें सारें आत्मसात केलें. ह्यावरून कित्येक लोक असें म्हणूं लागले कीं मुलांस ही विद्या जन्मजातच असते. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या मुलांजवळ जें होतें व प्रौढांजवळ जें नसतें, तें म्हणजे चुकण्याविषयींची बेपर्वाई आणि सोबत चुकणाऱ्या सवंगड्यांची संगत. चारचौघांत हंसें होईल ही भीति प्रौढ माणूस बरोबर घेऊन बसतो, आणि ती भीतिच त्याचा हात जड करिते. चार समवयस्क पालक एका संगणकाभोंवतीं बसले, आणि एकमेकांच्या चुकांना हंसण्याची सर्वांना मोकळीक असली, तर त्यांचीही प्रगति होईल.

शिवाय हें यंत्र सोपें व्हावें म्हणून पुष्कळांनीं आपली बुद्धि वेंचली आहे. अमेरिकेंतील डग्लस एंगेलबार्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६४ च्या सुमारास पहिला माउस बनविला, तो एक लांकडी डबी व तिच्या खालीं दोन चाकें एवढाच होता. आज्ञांचे लांबलचक शब्द पाठ करण्याऐवजीं, जें हवें त्याकडे हातानें नेम धरावा, ही त्यामागील कल्पना. १९९० सालीं विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तींत पत्त्यांचा एक डाव घातलेला होता. पत्ता उचलावयाचा, ओढीत न्यावयाचा व योग्य जागीं सोडावयाचा, ह्या खेळानें असंख्य नवशिक्यांचा हात माउसवर बसविला. तेव्हां एखाद्या आजोबांनीं संगणकाचा आरंभ पत्त्यांच्या डावानें केला तर घरांतील मुलांनीं हंसूं नये. तो आरंभ शास्त्रशुद्धच आहे.

आतां प्रत्यक्ष काय शिकावें ह्याविषयीं. आमच्या मतें नवशिक्यास चार गोष्टी प्रथम आल्या पाहिजेत, व त्या चारही गोष्टी आपल्या नेहमींच्या व्यवहारांतील उपमांनीं समजण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट पाटी व वही ह्यांतील भेद. संगणकास दोन प्रकारचें स्मरण असतें. काम चालूं असतां मजकूर ज्या स्मरणांत राहतो तें विजेवर जगतें. वीज गेली कीं तें पुसलें जातें. ही पाटी. आपण ‘जतन करा’ अशी आज्ञा दिली म्हणजे तोच मजकूर दुसऱ्या, कायम टिकणाऱ्या स्मरणांत उतरतो. ही वही. दापोलीस पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं, म्हणून आपल्याकडील विद्यार्थ्यानें तर हा भेद पहिल्याच दिवशीं शिकावा. दर पांच मिनिटांनीं कंट्रोल व एस ह्या दोन कळा एकदम दाबण्याची संवय लावून घ्यावी. हल्लींचे कांहीं कार्यक्रम मधून मधून आपण होऊनच जतन करितात. तथापि त्यांवर विसंबूं नये. तसेंच कंट्रोल व झेड ह्या कळांनीं शेवटचें पाऊल मागें घेतां येतें. ही आज्ञा ज्यास माहीत झाली त्याची अर्धी भीति गेली असें समजावें, कारण धूळपाटी मोडून पुन्हां लिहिण्याचीच ती युक्ति आहे. काम संपल्यावर यंत्र बटण ओढून न बंद करितां रीतसर बंद करावें, म्हणजे उघडी वही मिटून दप्तरांत ठेवल्यासारखें होतें.

दुसरी गोष्ट दप्तर. जुन्या कचेरींत कागद रुमालांत बांधून, वर गांवाचें व सालाचें नांव घालून ठेवीत. म्हणून हवा तो कागद सांपडे. संगणकांतील फोल्डर म्हणजे तो रुमाल, व फाइल म्हणजे त्यांतील कागद. पुष्कळ लोक फाइलीस कांहींतरी नांव देतात, किंवा यंत्र देईल तें नांव राहूं देतात, आणि मग “माझें पत्र संगणकानें खाल्लें” अशी तक्रार करितात. संगणक कांहीं खात नाहीं. आपण कोठें ठेवलें तें आपण विसरतों. ‘शिष्यवृत्ति-अर्ज-जून’ असें नांव देण्यास एक क्षण लागतो, आणि पुढील एक तासाचा शोध वांचतो.

तिसरी गोष्ट कळफलक, आणि तोही मराठीचा. येथें आमचा विशेष आग्रह आहे. आपलीं मुलें ‘माझे नाव’ हे शब्द इंग्रजी अक्षरांनीं टंकून काम भागवितात. गप्पागोष्टींपुरतें तें चालेल, पण अर्ज, निबंध, हिशेब व पत्र ह्यांस आपल्या भाषेचें खरें अक्षरच शोभतें. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें भारतीय लिप्यांसाठीं ‘इन्स्क्रिप्ट’ नांवाची कळांची मांडणी प्रमाण म्हणून ठरविली. बहुतेक संगणकांत तिची सोय मूळचीच असते. वेगळा पैसा पडत नाहीं. ती पाहून घाबरण्याचें कारण नाहीं, कारण ती आपल्या वर्णमालेच्याच तर्कानें चालते. डाव्या हाताच्या बोटांखालीं स्वरचिन्हें, उजव्या हाताच्या बोटांखालीं प, र, क, त, च, ट हीं व्यंजनें. ‘क’ची कळ शिफ्टच्या कळीसह दाबली कीं ‘ख’ उमटतो. तसाच ‘ग’चा ‘घ’, ‘त’चा ‘थ’, ‘द’चा ‘ध’, ‘ब’चा ‘भ’ होतो. काना ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली असतां ‘आ’ मिळतो. जोडाक्षरासाठीं पहिलें व्यंजन, मग पाय मोडण्याची खूण, मग दुसरें व्यंजन, असा क्रम. ज्या मुलास बाराखडी येते त्यास ही मांडणी थोड्याच दिवसांत हातीं येते. एफ् व जे ह्या इंग्रजी कळांवर बारीक उंचवटा असतो. तेथें दोन्ही हातांचीं पहिलीं बोटें टेकावीं, म्हणजे बाकीचीं बोटें न पाहतां आपापल्या जागीं येतात. प्रारंभीं वेग कमी पडेल, पडूं द्यावा. राज्याच्या लिपिक-टंकलेखक पदासाठीं मराठी टंकलेखनाचा मिनिटास ३० शब्द हा वेग मागतात. रोज थोडा वेळ नेमानें बसणाऱ्या विद्यार्थ्यास तो असाध्य नाहीं.

मराठी अक्षर यंत्रावर आणण्याची ही खटपट आजची नव्हे. जावजी दादाजी ह्यांनीं लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या हलक्या कामापासून आरंभ केला. तेच पुढें देवनागरी खिळ्यांचे नामांकित कारागीर झाले, व १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर छापखाना काढला. संगणकाच्या काळांत हेंच काम निराळ्या रीतीनें पुढें चाललें. प्रथम निरनिराळ्या कंपन्यांचे टंक एकमेकांशीं जुळत नसत. एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडावा तों अर्थहीन चिन्हांची रांग दिसावी, असा प्रकार होई. १९९१ सालीं युनिकोड नांवाची जागतिक अक्षरसंहिता प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीस स्वतःचें स्थान मिळालें, आणि हळूहळू ही अडचण दूर झाली. म्हणून नवशिक्यानें जुन्या टंकांच्या मागें न लागतां युनिकोडांतच लिहावयास शिकावें. आज दापोलीस लिहिलेलें अक्षर मग लंडनलाही तसेंच उमटेल.

चौथी गोष्ट किल्ली, म्हणजे पासवर्ड. तो स्वतः ठरवावा, लांब असावा, जन्मतारीख अथवा मुलाचें नांव नसावें, आणि ओ. टी. पी. तर फोनवरून मागणाऱ्या कोणासही सांगूं नये. सार्वजनिक संगणकावर काम केल्यास उठण्यापूर्वीं आपल्या खात्यांतून बाहेर पडावें. घरास कुलूप लावण्याची रीत ज्यास कळते त्यास ह्यांत अवघड कांहीं नाहीं.

ह्या चार गोष्टी येण्यास प्रमाणपत्र लागत नाहीं. २००१ सालीं राज्यांत एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला; त्यानें असंख्य लोकांस संगणकाची पहिली ओळख करून दिली, व सरकारी नोकरीसाठीं त्याचें प्रमाणपत्रही मागतात. तें अवश्य मिळवावें. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर आणि हात खिशांत, अशी स्थिति होऊं देऊं नये. पोहण्याच्या विद्येप्रमाणें ही विद्या हातांत राहते ती संवयीनें; परीक्षेनंतर वर्षभर संगणकास शिवलें नाहीं तर प्रमाणपत्राचा कागद काय करणार?

तिसरा आणि अगदीं नवा आक्षेप असा कीं, “आतां यंत्राशीं नुसतें बोललें तरी तें टंकून देतें, आणि सांगितलें तर अर्जही रचून देतें, मग शिकावयाचें कशाला?” बोलून टंकण्याची सोय चांगली आहे, विशेषतः ज्यांचे हात थरथरतात किंवा दृष्टि मंद आहे त्यांस ती मोठा आधार आहे. परंतु यंत्रानें लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणारा कोणी लागतोच. गांवाचें नांव, सर्व्हे नंबर, रक्कम ह्यांत यंत्र चुकलें, आणि आपणांस तें वाचून दुरुस्त करितां आलें नाहीं, तर आपण परक्या हाताऐवजीं परक्या यंत्राच्या स्वाधीन झालों एवढाच फरक. लिहून देणारा जितका चतुर, तितकी तपासणाराची जबाबदारी मोठी.

आतां विद्यार्थिमित्रहो, दोन शब्द तुमच्यासाठीं. ह्याच तालुक्यांतील पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी. आईनें मुलास काय काय शिकविलें, तें त्यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकांत सांगितलें. तुमच्या पिढीवर मात्र एक उलटी पाळी आली आहे: आईस व बाबांस शिकविण्याची. ती नीट पार पाडा. आईनें माउस हातीं घेतला आणि बाण भलतीकडे गेला, कीं तुम्ही म्हणतां, “थांब, मी करून देतों”, आणि तिच्या हातांतून माउस काढून घेतां. काम होतें, पण शिक्षण तेथेंच थांबतें. तुम्हांस चालावयास शिकविणारीनें तुम्हांस प्रत्येक पडण्याबरोबर कडेवर उचलून घेतलें असतें, तर तुम्ही अद्यापि कडेवरच असतां. शिकवितांना आपले हात पाठीमागें बांधून ठेवा. तोंडानें सांगा, बोटानें दाखवा, पण माउस तिच्याच हातीं राहूं द्या. तिनें तीच गोष्ट चौथ्यांदां विचारली तर चौथ्यांदांही सांगा, आणि एका वहींत तिच्याच शब्दांत क्रम लिहून घेण्यास सांगा. “तुला इतकेंही येत नाहीं?” हें वाक्य मात्र तोंडांतून निघूं देऊं नका. त्या एका वाक्यानें कित्येक प्रौढ शिष्य कायमचे उठून गेले आहेत.

आणि पालकहो, तुम्हांसही एक विनंति. मुलाकडून शिकण्यांत कमीपणा मानूं नका. वडील माणूस चुकतो, पुन्हां करून पाहतो व अखेर यशस्वी होतो, हें दृश्य मुलास घरीं पाहावयास मिळणें हें कित्येक उपदेशांहून मोलाचें आहे. मुलगा संगणकावर काय करितो हें तुम्हांस समजूं लागलें, तर त्याच्यावर नजर ठेवण्याऐवजीं त्याच्याशीं त्याविषयीं बोलतां येईल.

संगणकाची भक्ति करावी असें मात्र आमचें सांगणें नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावरून गेलें. दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, माडापोफळींच्या बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक गांवांत पुष्कळ दिवस वीज नव्हती, फोन मुके झाले होते. टाळेबंदीमुळें शाळा बंद, आणि वादळामुळें यंत्रेंही बंद, असे ते दिवस. त्या दिवसांत शेजाऱ्याचा कोयता, विहिरीचा रहाट आणि माणसाचें पाठबळ हींच उपयोगी पडलीं. म्हणून महत्त्वाच्या कागदाची एक छापील प्रत घरीं ठेवावी, हातानें सुवाच्य लिहिण्याची संवय सोडूं नये, आणि यंत्र हें साधन आहे ह्याचा विसर पडूं देऊं नये. परंतु साधन म्हणून तें आपल्या हातचें असावें. ज्याचें साधन दुसऱ्याच्या हातीं, त्याचें कामही दुसऱ्याच्या मर्जीवर.

“घरीं संगणक नाहीं, मग शिकावें कोठें?” हा प्रश्न खरा आहे, व तो पुष्कळ घरांचा आहे. जुना, दुसऱ्याच्या हातचा संगणक देखील वर सांगितलेल्या चार गोष्टींस पुरतो. शेजारच्या दोन-तीन घरांनीं मिळून एक घेतला तरी चालेल. एकत्र शिकण्याचा लाभ वर सांगितलाच आहे. शाळेंत मिळणारा संगणकाचा तास विद्यार्थ्यांनीं खेळांत न घालवितां हात बसविण्यांत घालवावा, म्हणजे घरीं शिकविण्याची शिदोरी बरोबर येईल.

शेवटीं एक साधी कसोटी सुचवितों. येत्या मे महिन्याच्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील एका वडील माणसाकडून एक पत्र संगणकावर लिहवून घ्यावें. विषय कोणताही असो: ग्रामपंचायतीस पाण्याविषयीं अर्ज, मुंबईच्या भावास खुशालीचें पत्र, किंवा बागेच्या खर्चाची यादी. अक्षरें मराठी असावींत, टंकणारा हात त्यांचाच असावा, फाइलीस नांव त्यांनींच द्यावें, दुसऱ्या दिवशीं ती त्यांनींच शोधून उघडावी, आणि तिची एक प्रत छापून घ्यावी. पहिल्या पत्रांत दहा चुका असतील. त्या असूं द्याव्या, आणि दुसरें पत्र लिहावयास बसावें.